‘सांभाळून जा’ म्हणजे काय?



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घराघरांवर नाताळचे तारे लागतात आणि त्याच सुमारास परदेशी गेलेल्या मुलांकडून मोबाईलवर बर्फाचे फोटो येऊ लागतात. पांढरेशुभ्र अंगण, पांढरी झाडे आणि पांढऱ्या दुलईखाली झाकून गेलेली मोटारगाडी. आजी तो फोटो शेजारणीला दाखवते. शेजारीण म्हणते, “किती छान!” आणि रात्री फोनवर आजी नातवाला बजावते, “बाळा, गाडी सांभाळून चालव हो.”

आज आम्हाला विचार करायचा आहे तो आजीच्या या वाक्याचा. ‘सांभाळणे’ हे आपल्या भाषेतले मोठे गमतीचे क्रियापद आहे. ‘सांभाळून जा’ म्हणजे स्वतःला जप. ‘पोरांना सांभाळ’ म्हणजे दुसऱ्याची काळजी घे. ‘सांभाळून घ्या’ म्हणजे दुसऱ्याचे उणे पोटात घाला. आजीच्या मनात बहुधा पहिलाच अर्थ असतो. माझे लेकरू सुखरूप घरी येऊ दे, एवढेच तिचे मागणे, आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु बर्फाच्या रस्त्यावर पहिला अर्थ उरलेल्या दोघांना सोडून एकटा फार लांब जाऊ शकत नाही, असे आमचे मत आहे.

कोणी विचारील, वसईत राहून बर्फाची चर्चा कशाला? तर आपल्या धर्मग्रामातल्या किती घरांतून कोणी ना कोणी टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनला गेलेले आहे, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या आळीपुरता केला तरी पुरे. शिवाय नाताळच्या सुट्टीत मनालीला जाणारी कुटुंबेही आता पुष्कळ आहेत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला. सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या आणि दहा हजार फुटांवरच्या या बोगद्यामुळे भर हिवाळ्यातही लाहौलपर्यंत पोहोचता येऊ लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांना कडाक्याच्या थंडीत प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्यातल्या कितीतरी चालकांनी त्या दिवसापर्यंत बर्फावर चाक फिरवलेलेही नसेल.

आम्ही स्वतः एक हिवाळा कॅनडातील एका धर्मग्रामात मदतीला होतो. तिथे शिकलेली पहिली गोष्ट अशी की बर्फावर गाडी चालवण्याचे कौशल्य म्हणजे मुख्यतः गाडी थांबवण्याचे कौशल्य. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा तीन-चार पट अंतर लागते आणि पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या थरावर तर कधी कधी दहा पट. या थराला तिकडे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. तो काळा नसतो, पारदर्शक असतो. खालचा डांबरी रस्ता दिसतो म्हणून काळा वाटतो. रस्ता नुसता ओला आहे असे समजून माणूस पुढे जातो. पुलावर हा थर सगळ्यांत आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड वारा लागतो. आणखी एक गोष्ट आम्हाला नवलाची वाटली. उणे वीस अंशांच्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणजे ज्या दिवशी थंडी कमी झाली म्हणून हायसे वाटते, त्या दिवशी जास्त जपायचे.

मोठ्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या घेणाऱ्या तरुणांचा एक गोड गैरसमज असतो की आता बर्फाची भीती नाही. चारही चाकांचा जोर गाडीला सुटायला मदत करतो. थांबायला त्याचा काही उपयोग नाही. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. किंबहुना अशी गाडी सहज वेग घेते म्हणून चालकाला रस्ता किती वाईट आहे हे उशिरा कळते. गाडी घसरलीच, तर जोरात ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, नजर जायचे त्या दिशेला ठेवायची आणि स्टिअरिंग अलगद तिकडे वळवायचे. हे सगळे खरे. परंतु ज्याला हे सगळे येते, त्याच्याही हातात त्या क्षणी फारच थोडे उरलेले असते.

इथेच आमच्या सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या तासांची आठवण होते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात दगड भिरकावणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. हातातून सुटलेला दगड परत बोलावणे त्या माणसाच्या हाती नसते, तरी दगड उचलणे आणि फेकणे त्याच्याच हाती होते. म्हणून जे घडले त्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. संत थॉमस अक्विनास आणि त्यांच्यानंतरचे नीतिशास्त्री हाच धागा पुढे नेतात: परिणाम घडताना माझी इच्छा नव्हती, पण त्याचे कारण मी समजून उमजून निर्माण केले, तर परिणामातही माझा वाटा आहे.

बर्फावरचा अपघात अगदी या दगडासारखा असतो. चाक घसरल्यावर “मी काय करणार, बर्फच तसा होता” हे म्हणणे त्या सेकंदापुरते खरे असते. दगड मात्र त्याआधीच सुटलेला असतो. समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवले, टायर कोणते होते, काच पूर्ण पुसली होती की हाताएवढी खिडकी करून निघालो होतो, घरातून दहा मिनिटे आधी निघालो होतो का, आणि मुळात आज निघायची गरज होती का. ब्रेकवर पाय पडतो तेव्हा विवेकाची वेळ टळून गेलेली असते. विवेकाचे काम दारात, बूट घालताना झालेले असते. किंवा झालेले नसते.

टायरचेच घ्या. सात अंशांच्या खाली साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत, म्हणजे आपली बहुतेक मुले जिथे आहेत तिथे, अशी सरसकट सक्ती नाही. हे टायर लावणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सूट मिळते, एवढेच. नव्याने गेलेल्या मुलावर खोलीचे भाडे, कॉलेजची फी आणि गावच्या कर्जाचे हप्ते असतात. चार टायरांचा खर्च तो पुढच्या वर्षावर ढकलतो. आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु सक्ती नाही म्हणजे कर्तव्यही नाही, असे त्याने समजू नये. आणि इथे नाताळला काय पाठवू म्हणून त्याने विचारले, तर “आधी टायर घे” असे सांगणारे आईवडील आम्हाला फार आवडतील.

आता दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे दुसऱ्याला सांभाळण्याकडे वळू. हिवाळ्यात सकाळी गाडी काढताना लोक पुढची काच साफ करतात, कारण त्यावाचून आपल्यालाच दिसत नाही. टपावरचा बर्फ मात्र पुष्कळ जण तसाच ठेवतात. हात पोहोचत नाही, उशीर झालेला असतो आणि टपावरच्या बर्फाचा आपल्याला काहीच त्रास नसतो. त्रास मागच्याला असतो. गाडीने वेग घेतला की हा बर्फ लादीसारखा सुटतो आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर जातो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९९६ साली एका चालत्या ट्रकवरून अशीच लादी सुटली, ती दुसऱ्या ट्रकवर आदळली आणि त्यातून झालेल्या टकरीत वीस वर्षांची एक तरुणी प्राणास मुकली. पुढे तिथे झालेला कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.

त्या दिवशी त्या राज्यात टपावर बर्फ घेऊन धावणारी वाहने किती असतील? बाकी सगळे घरी पोहोचले, जेवले आणि झोपले. त्यांच्यात आणि त्या एका चालकात नैतिकदृष्ट्या फरक काय? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली या कोड्याला ‘नैतिक नशीब’ असे नाव दिले. काण्टसारखे विचारवंत सांगतात की संकल्प पाहा, फळ पाहू नका. म्हणजे दोघे सारखेच दोषी. आपले सर्वसाधारण मन मात्र तसे मानत नाही आणि कायदाही बहुतेक वेळा परिणाम पाहून शिक्षा ठरवतो. विल्यम्सने एका लॉरीचालकाचे उदाहरण घेतले. त्याची काडीमात्र चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. तो निर्दोष आहे, हे सगळे त्याला सांगतात. तरीही त्याने बाजूला उभ्या असलेल्या माणसाइतक्याच सहजतेने ते मान्य केले, तर आपल्यालाच ते खटकेल.

आमचे मत काण्टच्या बाजूला झुकते, पण एका वेगळ्या हेतूने. ज्याच्या हातून अनर्थ घडला त्याला अधिक दोषी ठरवण्यासाठी हे कोडे उपयोगाचे नाही. ज्यांच्या हातून काही घडले नाही, त्यांच्यासाठी ते उपयोगाचे आहे. “इतकी वर्षे चालवतोय, एक ओरखडा नाही” असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यातले किती आपले कौशल्य आणि किती वेळा समोरच्याने वेळेवर ब्रेक मारला, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत, नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे. अपघात झाला तरच दोष, असे तिथे म्हटलेले नाही. धोक्यात घालणे एवढेच पुरेसे आहे.

न निघण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. २०२२ च्या नाताळात अमेरिकेतील बफेलो शहरावर आणि आसपासच्या भागावर भयंकर हिमवादळ आले. २३ डिसेंबरला, शुक्रवारी, सकाळी साडेनऊला वाहने चालवण्यावर बंदी लागू झाली. तोवर कित्येक कामगार आपापल्या कामावर निघालेले होते आणि बंदी आधी का केली नाही, अशी टीका नंतर झाली. रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्या आणि बर्फाचे ढीग यांत रुग्णवाहिका व अग्निशमन दलाच्या गाड्यादेखील अडकल्या. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे गेली. काही घरात मदतीची वाट पाहत, काही बर्फात अडकलेल्या गाडीत.

यातून दिसते ते असे की वादळात रस्ता ही मोजून वापरायची वस्तू होते, दुष्काळातल्या विहिरीसारखी. ज्याला जावेच लागते, ती रात्रपाळीची परिचारिका, तो रुग्णवाहिकेचा चालक, तो पहाटे तीनला बर्फ हटवायला निघणारा स्नोप्लाऊवाला, यांच्यासाठी बाकीच्यांनी रस्ता मोकळा ठेवायचा असतो. “माझी गाडी, माझा धोका” हे वाक्य इथे लटके पडते, कारण मी अडकलो तर मला सोडवायला दुसऱ्याला यावे लागते आणि माझी अडकलेली गाडी तिसऱ्याची वाट अडवते. ही जबाबदारी गाडी न चालवणाऱ्यावरही येते. वादळाच्या रात्री गरम घरात बसून मोबाईलवरून पिझ्झा मागवणारा स्वतः बाहेर पडत नाही, पण कोणाला तरी बाहेर काढतो. आणि ती पिशवी घेऊन येणारा मुलगा पुष्कळदा आपल्याकडूनच गेलेला विद्यार्थी असतो. मालकाने “यायलाच हवे” म्हटले तर त्या मुलाने काय करावे? नोकरी टिकवायची की जीव, असा पेच ज्याच्यापुढे टाकला जातो त्याला आम्ही उपदेश करणार नाही. तो पेच टाकणाऱ्याने उत्तर द्यायचे आहे.

त्याच वादळात बफेलोजवळ चीक्टोवागा गावी एक मनुष्य आपल्या गाडीसह अडकला. आसऱ्यासाठी त्याने घरांची दारे ठोठावली, पैसे देऊ केले. कोणी आत घेतले नाही. शेवटी त्याने एका बंद शाळेची खिडकी फोडली आणि रस्त्यात अडकलेल्या इतरांनाही आत नेले. दोन डझन माणसे तिथे वाचली. त्यांनी शाळेतलेच अन्न खाल्ले, जाताना झाडलोट केली आणि त्या माणसाने काच फोडल्याबद्दल माफी मागणारी चिठ्ठी मागे ठेवली. पोलिसांनी त्याला शोधले, ते आभार मानण्यासाठी. अत्यंत निकडीच्या वेळी जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याची वस्तू घेणे ही चोरी ठरत नाही, असे संत थॉमस तेराव्या शतकात लिहून गेले आहेत. आमचे मन मात्र त्या चिठ्ठीपाशी अधिक रेंगाळते. आपण बरोबर होतो हे ठाऊक असूनही त्याला खिडकीची काच आठवली.

अडकलेल्याला मदत करण्याचा विषय निघाला की चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला सगळ्यांना सुचतो. तो वाटेत थांबला, हे खरे. पण त्याच्यामागून ताशी शंभर किलोमीटर वेगाने बर्फावर घसरणारी वाहने येत नव्हती. महामार्गाच्या कडेला कोणाची गाडी खड्ड्यात गेलेली दिसली आणि आपणही तिथेच घाईने ब्रेक दाबला, तर दुसरा अपघात होऊ शकतो. पुढे सुरक्षित जागी जाऊन आपत्कालीन क्रमांकावर नेमके ठिकाण कळवणे, ही त्या रस्त्यावरची शोमरोनी सेवा. निर्जन आडरस्त्यावर मात्र थांबायलाच हवे. तिथे आपल्यानंतर तासभर कोणी येणार नाही. प्रेमाला डोळे लागतात. संत थॉमस विवेकाचे जे घटक सांगतात, त्यांत दूरदृष्टी आणि सावधपणा यांच्याबरोबर भोवतालच्या परिस्थितीचे भानही आहे.

गाडीतच अडकून राहण्याची वेळ आली तर एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे, ती मनालीला जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि किमान २२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. गाडीमागची धूर सोडणारी नळी बर्फाने बुजते, हीटरसाठी इंजिन चालू ठेवले की कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि त्याला वास नसतो. म्हणून आधी उतरून ती नळी मोकळी करावी, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि खिडकी किंचित उघडी ठेवावी. गाडी सोडून वादळात चालत निघू नये.

तिसऱ्या अर्थाविषयी, म्हणजे दुसऱ्याला सांभाळून घेण्याविषयी थोडेच लिहितो. स्नोप्लाऊ सावकाश जातात; कॅनडात महामार्गावर त्या तिरप्या रांगेत चालून सगळ्या मार्गिका एकदम साफ करतात. त्यांच्यामधून घुसून पुढे जाण्यात वाचतात ती दोन मिनिटे, आणि पुढे असतो तो साफ न केलेला रस्ता. समोरची गाडी फारच हळू चालली असेल, तर मागून चिकटू नये आणि हॉर्नही देऊ नये. आत कदाचित पहिला हिवाळा पाहणारा कोणी नवा माणूस असेल, आपल्याच वसईचा किंवा दुसऱ्या कुठल्या गरम देशातला. फुटपाथवर बर्फाचे ढीग असल्यामुळे पायी चालणारी म्हातारी माणसे रस्त्यावर उतरतात. त्यांच्या अंगावर चिखलपाणी उडवीत जाऊ नये. आपल्या दारचा बर्फ फावड्याने रस्त्यावर लोटणे ऑन्टारिओत बेकायदा आहे. कायदा नसता तरी ते शेजारधर्माला सोडून झाले असते.

एका भगिनीने आम्हाला विचारले होते की तिकडे बर्फामुळे मुलाची रविवारची मिस्सा चुकली, तर पाप लागते का. नाही. गंभीर कारण असेल तर ती सक्ती उरत नाही आणि हिमवादळ हे गंभीर कारण आहे. तिथले धर्मगुरूच अशा दिवशी घरी राहायला सांगतात. घरी राहिल्याने रस्ता मोकळा राहतो, हेही त्या मुलाला कळवा.

आणि वेळेचे गणित तेवढे लक्षात असू द्या. हिवाळ्यात टोरांटोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आपण संध्याकाळी सहाला निवांत होऊन फोन लावतो, तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. डिसेंबरात सूर्यदेखील उगवलेला नसतो आणि मुलगा त्याच वेळी गाडी घेऊन कामाच्या वाटेवर असतो. “सांभाळून चालव” हे सांगण्यासाठी तेव्हाच फोन करू नये. तो वेळ रोझरीला द्यावा. रात्री साडेनऊला तिथे सकाळचे अकरा झालेले असतात, तेव्हा फोन लावावा आणि टपावरचा बर्फ काढला होता का, हेही विचारावे.